ओएलएक्सवर जुनं सामान टाकलं की लोक न बघताच निम्म्या भावात मागतात. घासाघीस कशी करावी?

तुम्ही लिहिलंय की विजापूर रोडवरचं घर रिकामं करायचंय, फ्रिज ८,००० ला आणि कूलर ४,५०० ला टाकलाय, आणि दिवसभर 'फ्रिज चार हजारात देता का' असे मेसेज येतायत. राग येतो, आणि तोंडावर नाही म्हणायला संकोचही वाटतो. आमच्या नात्यातलं कुणी नोकरीसाठी पुण्याला गेलं की मागे राहिलेलं सामान विकायचं काम माझ्याकडे येतं. कपाटं, वॉशिंग मशिन, कूलर, फोन, दुचाकी असं बरंच काही विकलंय, त्यावरून सांगते.

ज्याने वस्तू पाहिलेली नाही त्याच्याशी भावाची बोलणी करूच नका. 'लास्ट किती?' असं विचारणाऱ्याने तोच मेसेज आणखी पाच-दहा जाहिरातींवर टाकलेला असतो. तुम्ही चॅटवर आठाचे सात केलेत की त्याच्या डोक्यात सात ही सुरुवात होते, आणि घरी आल्यावर तो तिथून खाली मागायला लागतो. म्हणजे तुम्ही दोनदा उतरता, तो एकदाही चढत नाही. माझं उत्तर ठरलेलं असतं : 'येऊन बघा, चालू करून दाखवते, मग समोरासमोर बोलू. थोडंफार कमी-जास्त होईल.' हे शेवटचं वाक्य गाळू नका. 'किंमत फिक्स' असं लिहिलं की आपल्या सोलापुरात माणूस यायचाच बंद होतो. भाव न करता घेतलेली वस्तू महागच पडली, असं घरचे म्हणणार हे त्यालाही माहीत असतं.

याला अपवाद बाहेरगावचा माणूस. मोहोळहून किंवा अक्कलकोटहून कुणी छोटा हत्ती ठरवून येणार असेल तर त्याला अंदाज दिलाच पाहिजे, नाहीतर त्याचं भाडं फुकट जातं. त्याला मी सरळ सांगते, 'सातच्या आत मागणार असाल तर एवढ्या लांब येऊ नका.' तेवढ्यावर खरं गिऱ्हाईक कोण ते कळतं.

आता किती खाली जायचं, हा तुमचा मुख्य प्रश्न. हा आकडा गिऱ्हाईक दारात उभं असताना ठरत नसतो, तो जाहिरात टाकायच्या आधी कागदावर लिहायचा असतो. जुन्या सामानाच्या एखाद्या दुकानदाराला फोटो दाखवून तो किती देतो ते विचारा. त्याला दुरुस्ती, जागा आणि स्वतःचा नफा काढायचा असतो, म्हणून तो कमीच सांगेल. पण तो आज रोख देऊन उचलून नेतो, त्यामुळे त्याच्या खाली कुणालाही द्यायचं कारण नाही. मग त्याच मापाचा नवा फ्रिज वॉरंटीसकट आज कितीला मिळतो ते बघा. साधारण चार-पाच वर्षं वापरलेला फ्रिज नव्याच्या निम्म्याच्या वर लावला तर फोन येत नाहीत, असं मी पाहिलंय. दुकानदाराचा भाव आणि नव्याचं निम्मं, या दोन्हींच्या मधे तुमचा शेवटचा आकडा ठेवा, आणि जाहिरातीत त्याच्यावर दहा-पंधरा टक्के धरा. आणखी एक : लोक शोधताना 'दहा हजारांपर्यंत' अशी मर्यादा घालतात. १०,५०० लावलेली वस्तू त्यांना दिसतच नाही, ९,८०० ची दिसते. तीच जास्त बघितली जाते.

कूलरचं गणित वेगळं आहे आणि सोलापुरात ते फार महत्त्वाचं आहे. आपल्याकडे पारा चाळीसच्या वर जातो त्या दिवसांत, म्हणजे मार्चअखेरपासून मेच्या मध्यापर्यंत, जुन्या कूलरला घासाघीस जवळजवळ होतच नाही. सकाळी टाकलेला कूलर संध्याकाळी जातो. जूनमध्ये पहिला पाऊस झाला की त्याच कूलरकडे कुणी बघत नाही. तसंच पलंग, टेबल, खुर्ची यांना कॉलेजं सुरू होताना मागणी असते, कारण बाहेरगावची मुलं खोल्या घेतात. विकायच्या आधी कूलरचं गवत बदला, टाकीतला क्षारांचा पांढरा थर घासून काढा. बोअरचं पाणी वापरलं असेल तर तो थर असतोच, आणि तो दिसला की माणूस मोटारीवरही शंका घेतो. थोड्याशा खर्चात त्याच्या हातातला मोठा मुद्दा जातो.

दोष आधीच सांगा. फ्रिजच्या दाराचं रबर सैल असेल, बाजूला पोचा असेल तर त्याचा फोटो जाहिरातीत टाका. हा प्रामाणिकपणाचा भाग आहेच, आणि मला तो महत्त्वाचा वाटतो, कारण घेणारा आपल्याच गावातला कष्टाचे पैसे मोजणारा माणूस असतो. शिवाय तुम्हीच सांगितलेल्या दोषावर भाव पाडता येत नाही. 'ते धरूनच आठ लावलेत' एवढं म्हटलं की झालं. त्याने स्वतः शोधून काढलेला दोष मात्र हजार रुपयांना पडतो.

समोरासमोरची बोलणी साधारण अशी होतात :

'काय ओ ताई, आठ जास्त होतंय की.'
'तुम्ही किती धरून आलाय?'
'पाच देतो.'
'पाचला नाही जमणार. बिल आहे, कॉम्प्रेसर कधी उघडलेला नाही. साडेसात करते.'
'सहा घ्या, विषय संपवा.'
'सव्वासात.'
'साडेसहा. आता नाही म्हणू नका.'
'टेम्पो तुमचा आणि आज नेणार असाल तर सात. स्टॅबिलायझर त्यातच देते.'

यात आधी त्याच्याकडून आकडा काढून घेतलाय. तो आकडा सांगत नाही तोवर आपण उतरायचं नाही. 'तुम्हीच बोला' असं तो म्हणत राहिला तर 'माझं आठ लिहिलंय, आता तुमची पाळी' असं हसून म्हणा. दुसरं, कुठलीही सूट आधीच्यापेक्षा मोठी नाही. पाचशे, मग अडीचशे, परत अडीचशे, आणि तीही अटीवर. सूट लहान होत गेली की तळ जवळ आलाय हे समोरच्याला न सांगता कळतं. आणि शेवटची सूट फुकट देऊ नका, तिच्या बदल्यात काहीतरी मागा : आजच न्या, हमाली तुमची, जोडीला मिक्सरही घ्या. त्याने आकडा सांगितल्यावर लगेच बोलू नका. थोडा वेळ गप्प राहिलात तर बरेचदा तोच शे-दोनशे वाढवतो.

'उद्या येतो, कुणाला देऊ नका' म्हणणाऱ्याकडून इसार घ्या, पाचशे रुपये तरी. किती तारखेपर्यंत ठेवणार आणि नाही आला तर इसार परत मिळणार की नाही, हे व्हॉट्सअॅपवर लिहून ठेवा. इसाराशिवाय वस्तू अडवून ठेवू नका.

सगळेच कमी मागणारे सारखे नसतात, हेही लक्षात ठेवा. सोलापूरजवळच्या कुंभारीतल्या रे नगर वसाहतीत जानेवारी २०२४ मध्ये विडी आणि यंत्रमाग कामगारांसारख्या १५,००० कुटुंबांना घरं मिळाली. तिकडून नव्या घरासाठी फ्रिज बघायला येणारा माणूस खिशातले पैसे मोजून आलेला असतो. बायको-मुलं बरोबर असतात, दार दोनदा उघडून बघतात. तिथे माझ्या ठरलेल्या आकड्याच्याही खाली मी जाते आणि त्याचं मला वाईट वाटत नाही. घेऊन परत विकणारे वेगळे. ते वस्तू चालू करून न बघताच नावं ठेवायला लागतात. त्यांच्यासाठी आकडा हलवायचा नाही.

आणि जो अजिबात घासाघीस करत नाही त्याच्यापासून जपा. वस्तू न बघता पूर्ण किमतीला तयार, 'मी लष्करात आहे, बदली झालीय, माणूस पाठवतो', आणि मग 'पैसे घ्यायला हा क्यूआर स्कॅन करा' हा ठरलेला फसवणुकीचा प्रकार आहे. यूपीआयवर पैसे घेताना पिन टाकावा लागत नाही, क्यूआरही स्कॅन करावा लागत नाही. पिन मागितला म्हणजे तुमच्या खात्यातून पैसे जाणार. समोर उभ्या माणसाने पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट दाखवला तरी आपल्या खात्यात जमा झालेले स्वतः बघा, मगच वस्तू हलू द्या. तरी फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर फोन करा. पूर्ण पत्ता आधी देऊ नका, 'सात रस्ता चौकात येऊन फोन करा' एवढं पुरे, आणि माणूस घरी येणार असेल तेव्हा घरात दुसरं कुणीतरी असू द्या.

पुढे कधी दुचाकी विकलीत तर भावाच्या आधी 'नावावर करायचा खर्च कुणाचा' हे ठरवा, नाहीतर शेवटी त्यावरच अडतं. गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे फॉर्म २९ आणि ३० सह्या करून सोलापूरच्या आरटीओत (एमएच १३) जमा होईपर्यंत पाठपुरावा सोडू नका. राज्यातल्याच माणसाला विकल्यावर १४ दिवसांत आरटीओला कळवायची जबाबदारी विकणाऱ्याची असते. नोंदणी ज्याच्या नावावर आहे तोच मालक धरला जाईल, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. म्हणजे घेणाऱ्याने अपघात केला तर भरपाईचा दावा तुमच्यावर येऊ शकतो. हजार रुपये जास्त देणाऱ्यापेक्षा कागद लगेच करणारा गिऱ्हाईक बरा.

तुमच्याबद्दल बोलायचं तर फ्रिजची किंमत आठच राहू द्या, दुकानदाराला विचारून तुमचा तळ ठरवा आणि चॅटवर आकडा बोलू नका. कूलरला थांबू नका. उन्हाळा चालू असेपर्यंत चार हजार देणारा आला तर देऊन टाका, आणि विकला गेला की जाहिरात त्याच दिवशी काढा.