ग्राफिक्स कार्ड दुकानात येण्याआधीच किंमत का उतरते?

प्रश्न: नवीन पीसीसाठी पैसे साठवतोय. एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड (गेमचं चित्र पडद्यावर आणणारं) येणार म्हटलं की त्याच आठवड्यात तिच्या स्पर्धक एएमडीचंही येतं आणि कधी कधी तर विक्री सुरू व्हायच्या आधीच किंमत बदलते. हे ठरवून करतात का? प्रीऑर्डर करू की थांबू?
– एक वाचक, सातारा

उत्तर: हो, बरंचसं ठरवूनच. 2019 चा जुलै आठवा. एएमडीने जूनमध्ये आरएक्स 5700 एक्सटी हे कार्ड 449 डॉलरला आणि त्याखालचं 5700 हे 379 ला जाहीर केलं, विक्री 7 जुलैला. एनव्हिडियाने बरोबर 2 जुलैला 2060 सुपर आणि 2070 सुपर ही आपली कार्डं पुढे केली, 399 आणि 499 डॉलरला, म्हणजे एएमडीच्या किमतींना थेट शह. मग 5 तारखेला, विक्रीला दोन दिवस उरलेले असताना, एएमडीने स्वतःच्या किमती 399 आणि 349 वर आणल्या. आमचं हे आधीच ठरलेलं होतं असं एएमडीचे तेव्हाचे ग्राफिक्स विभागाचे प्रमुख स्कॉट हर्केलमन नंतर म्हणाले. असेलही, पण मला विचाराल तर समोरून सुपर आलीच नसती तर ते 50 डॉलर गिऱ्हाइकाला सुटले नसते.

तिथे फायदा आपलाच झाला. पण जानेवारी 2020 ला जे झालं ते मला आजही खटकतं. एएमडीची आरएक्स 5600 एक्सटी 279 डॉलरला येणार होती, एनव्हिडियाने आरटीएक्स 2060 थेट 299 वर आणली, आणि एएमडीने किंमत न उतरवता ऐन वेळी नवीन बायोस (कार्ड किती वेगाने चालायचं ते ठरवणारं त्याच्यातलं सॉफ्टवेअर) काढून कार्डचा स्पीडच वाढवला. आता कार्डं तर आधीच खोक्यात भरून निघालेली, काही दुकानात पोचलेली, त्यांच्यात जुनाच बायोस! म्हणजे ज्याने पहिल्या दिवशी पैसे मोजले त्याने घरी येऊन आधी कंपनीच्या साइटवरून फाईल शोधायची, मग कार्ड फ्लॅश करायचं, म्हणजे त्यात नवा बायोस भरायचा, आणि मधेच लाईट गेली तर कार्ड बंद पडायची भीती वेगळीच. शिवाय सगळ्या मॉडेल्सना तेव्हा मेमरीचा वाढीव 14 जीबीपीएस स्पीड मिळालाही नाही, काही 12 वरच राहिली. कंपन्यांच्या कुरघोडीत नव्या गिऱ्हाइकाला असा त्रास होणं मला अजिबात पटत नाही.

स्टेजवरच्या दाव्यांचंही तसंच. जानेवारी 2025 ला एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनी नवीन 5070 म्हणजे 549 डॉलरमध्ये आधीच्या पिढीतल्या सगळ्यात वरच्या 4090 चा परफॉर्मन्स असं सांगितलं, पण तो आकडा एनव्हिडियाच्या डीएलएसएस तंत्राने खऱ्या चित्रांच्या मधे घातलेल्या एआय फ्रेम्स (यालाच फ्रेम जनरेशन म्हणतात) धरून होता, त्या काढून टेस्ट केली की कार्ड आधीच्या पिढीतल्या 4070 सुपरच्या आसपास येतं. 5070 ही 5 मार्चला विक्रीला आली आणि लगेच दुसऱ्या दिवशी एएमडीची 599 डॉलरची 9070 एक्सटी. त्या वेळी एक दिवस थांबलेल्या माणसाच्या हातात दोन्ही कार्डांचे रिव्ह्यू होते.

म्हणून प्रीऑर्डर नको. तुमच्या बजेटमधलं दुसऱ्या कंपनीचं कार्ड बाजारात येऊ द्या, दोन्हींचे स्वतंत्र रिव्ह्यू बघा, त्यातही फ्रेम जनरेशन बंद ठेवून काढलेले आकडे आधी. आणि डॉलरची किंमत धरून बजेट मांडू नका, आपल्याकडे दुकानात तेच कार्ड कितीला मिळतंय ते दोन-तीन ठिकाणी फोन करून विचारा.