पोटदुखी, जोडाक्षरं आणि ‘विशेष प्रगती’चा रकाना

सहामाहीच्या निकालानंतर आलेल्या पत्रांपैकी चार इथे घेतली आहेत. नावं वगळली आहेत.

प्रश्न : मुलगी सातवीत आहे. निकालानंतर रोज शाळेला निघताना पोट दुखतं म्हणते. रविवारी काही नसतं. डॉक्टरांनी तपासलं, सोनोग्राफीही नॉर्मल आली. सासूबाई म्हणतात, सोंग आहे. वर्गात पहिल्या पाचांत असायची, आता गणितात ४० पैकी १७. घरी धाकट्या भावाला मात्र छान शिकवते. दटावून पाठवू की घरी ठेवू? – एक आई, चिपळूण

सोंग नाही. धास्ती घेतली की आतड्यांची हालचाल बदलते आणि कळ खरोखरच येते. रविवारी दुखत नाही यावरून एवढंच कळतं की दुखण्याचं कारण शाळेच्या दिवसात कुठेतरी आहे. मात्र रात्री झोपेतून उठवणारी कळ, घटणारं वजन, वारंवार उलट्या, ताप, शौचातून रक्त, किंवा बेंबीपासून दूर एकाच जागी दुखणं, यातलं काही दिसलं तर नॉर्मल सोनोग्राफीवर विसंबून राहू नका, पुन्हा डॉक्टरांकडे जा.

आता एक प्रश्न, जो बऱ्याच घरांत विचारायचा राहून जातो : ती शाळेतलं स्वच्छतागृह वापरते का? नळाला पाणी नसतं, दाराला कडी नसते, म्हणून कितीतरी मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत. मग बद्धकोष्ठता होते, लघवीला जळजळ होते, पोट दुखतं. संध्याकाळी दप्तरातली बाटली हातात घेऊन बघा. सकाळी भरून दिलेली तशीच परत येत असेल तर कारणाचा एक धागा तिथेच सापडला. सातवीचं वय म्हणजे पाळी नुकतीच सुरू झालेली किंवा तोंडावर आलेली. त्याची धाकधूक मुली आपणहून बोलून दाखवत नाहीत. कडी आणि पाण्याचं मुख्याध्यापकांशी बोलणं तुमचं काम आहे, तिच्यावर सोपवू नका.

तरीही दुखणं राहिलं तर एक वही करा. चार रकाने : वार, त्या दिवशीचे पहिले दोन तास, दुखणं शून्य ते दहापैकी किती, आणि आदल्या दिवशी शाळेत काय झालं. रविवार सोडून दोन आठवडे म्हणजे बारा ओळी होतात. मंगळवार-शुक्रवारी आठ आणि एरवी तीन असा आकडा दिसू लागला की वेळापत्रक समोर धरा. एखादा तास, एखादं बाक, मधल्या सुट्टीतला एखादा घोळका, काहीतरी जुळेल. मग ‘का घाबरतेस?’ असं विचारू नका. ‘का’ म्हटलं की मूल सफाई द्यायला लागतं. ‘त्या तासाला काय काय होतं, पहिल्यापासून सांग’ म्हणा आणि मध्ये बोलू नका. कुणी चिडवत असेल, मारत असेल, तर आधी ते थांबवायचं. बाकीचं सगळं त्यानंतर.

घरी ठेवण्याबद्दल. घरी राहिलं की पोट दहा मिनिटांत बरं होतं, आणि मनाशी पक्कं होतं की न जाणं हाच उपाय. दुसऱ्या दिवशी जाणं आणखी अवघड होऊन बसतं. दटावून पाठवलं तर भीती तशीच राहते, फक्त तुम्हाला सांगायचं बंद होतं. म्हणून पाठवायचं, पण सोय करून. वर्गशिक्षकांशी आधी ठरवा : दुखलं तर दहा मिनिटं ठरलेल्या जागी बसायचं, पाणी प्यायचं, परत वर्गात. घरी फोन नाही. एखाद्या दिवशी घरी राहिलीच तर टीव्ही-मोबाइल नाही, आणि बरं वाटताच मधल्या सुट्टीनंतर शाळा. गैरहजेरी आधीच लांबली असेल तर पहिले दोन-तीन दिवस दोनच तास, मग दर दोन-तीन दिवसांनी एक तास वाढवा. चार दिवस बरे गेले म्हणून एकदम पूर्ण दिवस केला की पाचव्या दिवशी गाडी पुन्हा अडते.

तुमच्या पत्रातली आम्हाला सगळ्यात मोलाची वाटलेली गोष्ट शेवटी एका ओळीत आली आहे : भावाला छान शिकवते. हे तिचं बलस्थान, आणि ते गणितालाच जोडायला हवं. आधी १७ गुणांची उत्तरपत्रिका घेऊन बसा आणि चुकांपुढे तीन खुणा करा : समजलंच नाही, आकडेमोड चुकली, सोडून दिलं. धास्तावलेल्या मुलांच्या पेपरात शेवटचे प्रश्न अनेकदा कोरे असतात. तसं असेल तर शिकवणी लावून फार उपयोग नाही. मग तिने रोज पंधरा मिनिटं तुम्हाला एक उदाहरण शिकवायचं. तुम्ही विद्यार्थिनी. शिकवताना ती जिथे अडखळते ते तिचं कच्चं, तेवढंच दुरुस्त करायचं. दोन आठवड्यांनी शिक्षकांना सांगून तिला शेजारच्या मुलीला एक उदाहरण समजावायला लावा, पुढे चौघींच्या गटाला, फळ्यापाशी सगळ्यात शेवटी.

इथे पालक हमखास एक चूक करतात. बलस्थान सांत्वनाला वापरतात : ‘गणित नाही आलं तर नाही, तू किती प्रेमळ आहेस!’ मुलीला ऐकू येतं ते इतकंच, की आईनेसुद्धा माझ्या गणिताची आशा सोडली.

दोन-तीन आठवड्यांत फरक नसेल, झोप-भूक उतरली असेल, मैत्रिणी तुटल्या असतील, तर समुपदेशकांकडे जा. मरणाचं, स्वतःला इजा करून घेण्याचं बोलली तर त्याच दिवशी. ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालतो, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

प्रश्न : मुलगा साडेआठ वर्षांचा, तिसरीत. सायकलची चेन स्वतः बसवतो, मिक्सर उघडून पुन्हा जोडतो. पण वाचन शून्य. रोज दोन पानं शुद्धलेखन करून घेतो, तरी तेच. आळस म्हणायचा का? – एक वडील, सांगली

आळशी मूल मिक्सर पुन्हा जोडत नाही. आधी डोळे आणि कान तपासा. ते ठीक असतील तर अध्ययन अक्षमतेची, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन, लेखन किंवा गणित जड जाण्याची, चाचणी करून घ्या. साधारण आठ वर्षांच्या आत हे निदान पक्कं करत नाहीत, त्यामुळे तुमची वेळ बरोबर आहे. बालरोगतज्ज्ञ, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आणि विशेष शिक्षक मिळून ते करतात. बुद्ध्यांकाची चाचणी वेगळी, वाचन-लेखन-गणिताची वेगळी. मोठ्या सरकारी आणि महापालिका रुग्णालयांत चौकशी करा. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात ही अक्षमता धरलेली आहे, आणि २०१८च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत लेखी परीक्षेला तासामागे किमान २० मिनिटं जादा वेळ सांगितला आहे. दहावीला सवलत हवी तर शाळेमार्फत अर्ज करावा लागतो, म्हणून कागद आत्तापासून एका फाइलीत ठेवा.

शुद्धलेखनाची दोन पानं मात्र आजच बंद करा. नकललेलं अक्षर वाचता येतंच असं नाही. मूल चित्र काढावं तसं ते उतरवतं. मराठी वाचताना मुलं नेमकी कुठे पडतात ते बघा. ‘कि’मध्ये वेलांटी डोळ्याला आधी दिसते, तोंडात मात्र नंतर येते. ‘सूर्य’मध्ये र आधी उच्चारायचा, पण रफार बसलेला असतो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. घ-ध, भ-म, ब-व या जोड्या सारख्याच दिसतात. ‘त्र’ आणि ‘क्ष’मध्ये तर मूळ अक्षरं ओळखूच येत नाहीत.

त्याच्या हातातलं कसब इथे वापरा. जुन्या लग्नपत्रिकांचा जाड पुठ्ठा घ्या. अक्षरं एका रंगात, काना-मात्रा-वेलांट्या दुसऱ्या रंगात, रफार तिसऱ्या रंगात कापा. शब्द तुम्ही उच्चारायचा, त्याने सुटे भाग जोडून बनवायचा, मग बोट फिरवत वाचायचा. जुळलेला शब्द मोडून पुन्हा जोडायचा, मिक्सरसारखाच. रोज पंधरा मिनिटं, एका वेळी एकच अडचण, म्हणजे आठवडाभर फक्त रफार. दहापैकी आठ शब्द बिनचूक आले की पुढे. घाईने चार गोष्टी एकत्र घेतल्या की पहिली पुसली जाते. आणि ‘आमचा हा हातानेच हुशार, डोक्याने नाही’ असं पाहुण्यांसमोर कधीही म्हणू नका.

प्रश्न : सहावीच्या वर्गात ३४ मुलं आहेत. प्रगतिपुस्तकात ‘विशेष प्रगती’, ‘आवड/छंद’, ‘सुधारणा आवश्यक’ हे रकाने भरताना सगळ्यांना तेच लिहिलं जातं. मुलांची बलस्थानं नोंदवा म्हणतात, पण वेळ कुठून आणायचा? – एक शिक्षिका, जि. प. शाळा, नाशिक जिल्हा

वर्ष संपताना ३४ मुलं एकदम आठवायला बसलं की ‘उपक्रमात उत्साहाने भाग घेतो’ हेच हाताखालून उतरणार. रोज तीनच मुलं घ्या. सकाळी हजेरीवर तीन नावांपुढे टिंब द्या आणि त्या दिवशी त्यांच्यावर नजर ठेवा. शाळा सुटताना प्रत्येकाची एक ओळ लिहा. बारा दिवसांत वर्गाची एक फेरी होते, सत्रात पाचेक फेऱ्या होतात.

ओळीत विशेषण नको, क्रियापद हवं. ‘मेहनती आहे’ याऐवजी ‘भागाकार चुकला तेव्हा न सांगता उलटा गुणून ताळा घेतला’. ‘मनमिळाऊ’ याऐवजी ‘नव्या मुलाला खेळाचे नियम समजावून संघात घेतलं’. अशी ओळ पालकांना वाचून दाखवली की त्यांना आपलं मूल दिसतं. पाच फेऱ्यांत एखाद्या मुलाची एकही चांगली ओळ सापडली नाही तर नोंद मुलाची नाही, आपल्या वर्गाची झाली : वर्गात ऐकणं-लिहिणं सोडून दुसरं काही करायला मिळतं का, ते तपासावं लागेल.

बलस्थानांना नावं हवी असतील तर पीटरसन आणि सेलिगमन या मानसशास्त्रज्ञांनी २००४ साली मांडलेली २४ स्वभावगुणांची यादी उपयोगी पडते. कुतूहल, चिकाटी, न्यायबुद्धी, विनोदबुद्धी, कृतज्ञता असे गुण तिच्यात आहेत. पण ती यादी आपल्या नजरेसाठी, मुलाच्या कपाळावर चिकटवण्यासाठी नाही. ‘तू हुशारच आहेस’ या शिक्क्याचं काय होतं ते म्यूलर आणि ड्वेक या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ साली पाचवीतल्या मुलांवरच्या प्रयोगांतून दाखवलं. बुद्धीची स्तुती झालेली मुलं पुढे सोपं काम निवडू लागली आणि एकदा अपयश आल्यावर लवकर खचली. प्रयत्नांची स्तुती झालेली मुलं टिकून राहिली. आमची पुस्ती एवढीच, की चुकीच्या रीतीने केलेल्या कष्टांना नुसतं ‘शाब्बास’ म्हटलं तर मूल तीच रीत घोटत बसतं. कोणती रीत कामी आली, ते बोलून दाखवा.

एखाद्या मुलाची काळजी वाटत असेल तर मानसोपचारतज्ज्ञ गुडमन यांची २५ विधानांची ‘बलस्थानं आणि अडचणी’ ही प्रश्नावली आहे. पालक आणि शिक्षक दोघांनाही भरता येते. पाच-पाच विधानांचे पाच गट, त्यातला एक चांगल्या वागण्याचा. ही फक्त चाळणी आहे, तिच्यावरून निदान सांगू नका.

प्रश्न : मुलगा दहावीत. रात्र-रात्र झोपत नाही. मानसोपचारतज्ज्ञांना दाखवलं तर शाळेत कळेल, पुढे नोंद राहील, असं नातेवाईक म्हणतात. – एक पालक, बदलापूर

दाखवा. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचारांची गोपनीयता हा रुग्णाचा हक्क ठरवला आहे, आणि डॉक्टर शाळेला पत्र पाठवत नाहीत. मानसोपचारतज्ज्ञ वैद्यकीय डॉक्टर असतात, औषध तेच देऊ शकतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ चाचण्या आणि बोलून उपचार करतात. या मानसशास्त्रज्ञांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, ते विचारून घ्या. या वयात आठ ते दहा तास झोप लागते, ती अभ्यासातून कापलेली नसते. पाठ केलेलं पक्कं होण्यासाठी तीच लागते.

पहिल्या भेटीला जाताना त्याने किती वाजता दिवा मालवला, किती वाजता उठला आणि चहा-कॉफी कधी घेतली, याची सात दिवसांची नोंद सोबत न्या. मुलाला डॉक्टरांशी थोडा वेळ एकट्याने बोलू द्या. बाहेर आल्यावर ‘काय विचारलं?’ असं लगेच विचारू नका.