‘प्रार्थनेला बसले की नुसती भिंत दिसते’

“मॅडम, मी ढोंगी झालेय का?” माझ्या समुपदेशनाच्या खोलीत, खुर्चीत नीट टेकायच्या आत ताईंनी विचारलं. वय ५४. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. रविवारी संडे स्कूल, गुरुवारी स्त्री-सभा, चर्चच्या मंडळीत कुणी आजारी पडलं की त्यांच्या घरी प्रार्थना. “दुसऱ्यांसाठी प्रार्थना करताना शब्द येतात. घरी एकटीने गुडघे टेकले की नुसती भिंत दिसते. आठ महिने झाले.” (त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

हा प्रश्न चर्चचे पाळक, म्हणजे धर्मगुरूही विचारतात, मिशनच्या दवाखान्यातल्या नर्सही विचारतात. आणि बहुतेकजण उत्तर सोबत घेऊनच येतात: कुठेतरी पाप असणार, विश्वास कमी पडला असणार. ताई म्हणाल्या, “केडगावला १९०५ साली पंडिता रमाबाईंच्या आश्रमातल्या मुली प्रार्थनेला बसल्या आणि पवित्र आत्मा उतरला. आम्ही तीन दिवस उपास-प्रार्थना केली, तर मला साधं रडूसुद्धा आलं नाही.”

मुक्ती मिशनमधलं, म्हणजे रमाबाईंच्या त्या आश्रमातलं, ते संजीवन (विश्वासाची नवी जागृती) जूनअखेरीस आलं, पण रमाबाईंनी रोजच्या प्रार्थनेसाठी मुलींना जानेवारीतच बोलावलं होतं. मधल्या पाच महिन्यांबद्दल आपण साक्ष देताना फारसं बोलत नाही. एवढंच सांगून मी विषय बदलला आणि झोप, भूक विचारली. पहाटे तीनला जाग, जेवणावर वासना नाही, वर्गातल्या मुलांचाही कंटाळा. इथे मी हटवादी आहे. असं दोन आठवड्यांच्या वर चाललं असेल तर डॉक्टरांकडे जायचंच, प्रार्थना सोडून नव्हे, प्रार्थनेबरोबर. बायबलमध्ये रतामाच्या झाडाखाली एलीया संदेष्ट्याने मरण मागितलं, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर दिली, पाणी दिलं, झोपू दिलं, आणि उठवून पुन्हा खाऊ घातलं. ताईंचं हिमोग्लोबिन ८ निघालं. त्यावर औषध सुरू झालं. मानसोपचारतज्ज्ञांनी तपासून सौम्य नैराश्य सांगितलं आणि आमचं बोलणं चालू ठेवायला सांगितलं.

तिसऱ्या भेटीत सासूबाईंचा विषय निघाला. कॅन्सर होता. वर्षभर ताईंनी त्यांचं सगळं केलं, मंडळीने साखळी प्रार्थना केली, तरी त्या गेल्या. दफनानंतर चौथ्याच दिवशी ताई स्त्री-सभेत उभ्या राहून देवाच्या चांगुलपणावर बोलल्या होत्या.

“रडलात कधी?”

“सासूबाई प्रभूकडे गेल्या. रडायचं कशाला?”

मी बायबलमधली स्तोत्रसंहिता उघडून ८८वं स्तोत्र त्यांच्या हातात दिलं आणि मोठ्याने वाचायला सांगितलं. विलापाची बहुतेक स्तोत्रं शेवटी स्तुतीकडे वळतात, हे वळत नाही, अंधारातच संपतं. तरीही ते पवित्र शास्त्रात आहे, मंडळीने गाण्यासाठी आहे. तू तोंड का लपवतोस, या ओळीशी ताई थांबल्या. पुस्तक मिटलं. “देवा, मी मागितलं होतं. तू दिलं नाहीस,” असं म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून खूप वेळ रडल्या. मी काहीच बोलले नाही. आठ महिन्यांत त्यांनी स्वतःसाठी केलेली ती पहिली प्रार्थना होती, असं मला आजही वाटतं.

त्यानंतर ठरवलं ते एवढंच: रोज संध्याकाळी दहा मिनिटं, दार लावून. मध्यस्थीची, म्हणजे दुसऱ्यांसाठी मागायच्या गोष्टींची, यादी नाही. जे खरं वाटतंय तेच देवाला सांगायचं, रागसुद्धा.

डिसेंबरात त्या पुन्हा घाबरून आल्या. त्यांचं चर्च मेथडिस्ट, नव्या वर्षाच्या सुरुवातीला तिथे कराराची उपासना असते. मेथडिस्ट पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली यांनी १७५५ साली लंडनमध्ये सुरू केलेली. सगळी मंडळी उभी राहून स्वतःला नव्याने देवाच्या हाती देते. “मी ते कोणत्या तोंडाने म्हणू?” आम्ही ती प्रार्थना ओळीओळीने वाचली. तुझ्या कामाला मला लाव, असं तीत आहे. आणि लगेच, तुझ्यासाठी मला बाजूला ठेव, असंही आहे. ताई बराच वेळ त्या ओळीवर बोट ठेवून बसल्या. “इतकी वर्षं म्हणतेय, पण मी अर्धीच म्हणत होते.”

सेवेला पुन्हा वाहून घेणं म्हणजे आणखी एक जबाबदारी अंगावर घेणं, अशी आपल्या मंडळ्यांत समजूत आहे. तिने किती चांगली माणसं मोडतात, ते मी या खोलीत बघते. ताईंनी उलटं केलं. पाळकांना भेटून स्त्री-सभा आणि घरभेटी सहा महिने दुसऱ्यांकडे सोपवल्या. पाळक आधी नाराज झाले, मग त्यांनीच दोघींना तयार केलं. ताईंनी फक्त संडे स्कूलचा सगळ्यात लहानांचा वर्ग ठेवला. आणि त्या उपासनेत मंडळीबरोबर उभं राहून पूर्ण प्रार्थना म्हटली.

फेब्रुवारीत शेवटची भेट झाली. झोप लागत होती, चेहऱ्यावर रंग होता. भिंत गेली का, असं मी विचारलं नाही. निघताना त्याच म्हणाल्या, “काल सासूबाईंचं कपाट आवरायला घेतलं. त्यांचं एक भजन आठवलं, ते म्हणत लुगड्यांच्या घड्या घालत बसले. ही प्रार्थना म्हणायची की नाही, माहीत नाही. पण यांनी हाक मारली तेव्हा कळलं, दिवेलागण झाली होती.”