एआय कोड लिहून देत असेल, तर इंजिनिअरने दिवसभर करायचं काय?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. एआय आल्यापासून प्रत्यक्ष कामात काय बदललं, आणि कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना ते वापरावं की बंद ठेवून शिकावं. मी पंधरा वर्षं बॅकएंडचं, म्हणजे सर्व्हरच्या बाजूचं, काम करतोय, त्यातली अलीकडची काही एआय सोबत घेऊन. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्यातूनच निघतं, म्हणून आधी एका बगची गोष्ट सांगतो.

आमच्या सिस्टिममधल्या नोंदी फाइलमध्ये उतरवून देणारी एक सोय हवी होती. नोंदी लाखांत, म्हणून सगळ्या एकदम न काढता पाचशे-पाचशेच्या पानांनी काढायच्या. मी हे टिकेट, म्हणजे कामाची नोंद, एआय एजंटकडे दिलं. एजंट म्हणजे नुसती पुढची ओळ सुचवणारं टूल नव्हे. तो स्वतः फाइली उघडतो, बदलतो, टेस्ट चालवतो, फसलं तर पुन्हा करून बघतो. दहा मिनिटांत पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल मुख्य कोडमध्ये घेण्याची (मर्ज करण्याची) विनंती, हजर. पन्नासेक ओळी, नावं नेटकी, एरर नीट हाताळलेले, सोबत सहा टेस्ट आणि सहाही हिरव्या, म्हणजे पास. मी वाचलं, आवडलं, मर्ज केलं.

तीन आठवड्यांनी तक्रार आली की यादीत काही नावं दोनदा येतात आणि काही येतच नाहीत. गंमत म्हणजे एकूण संख्या बरोबर होती! जेवढी दोनदा आली होती तेवढीच गळली होती, त्यामुळे बेरीज जुळवून पाहणाऱ्या कुणालाच काही खटकलं नव्हतं.

डेटाबेसकडून नोंदी मागवणारी क्वेरी उघडली. नोंद तयार झाल्याच्या वेळेनुसार क्रम लावलेला, पुढे लिमिट (किती नोंदी द्यायच्या) आणि ऑफसेट (सुरुवातीच्या किती सोडायच्या). आता दोन नोंदींची वेळ तंतोतंत सारखी असेल तर त्यातली आधी कुठली द्यायची, याचं कसलंही बंधन डेटाबेसवर नसतं. एका क्वेरीत ही आधी येईल, पुढच्या क्वेरीत ती. अशा जुळ्या नोंदी नेमक्या पानाच्या सीमेवर आल्या की एक दोन्ही पानांवर दिसते आणि दुसरी मधल्या फटीत पडते. टेस्टमध्ये वीस नोंदी होत्या आणि प्रत्येकीची वेळ वेगळी. प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे प्रत्यक्ष वापरात, मात्र रात्री आपोआप चालणारा एक जॉब बाहेरून आलेली फाइल एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे डेटाबेसच्या एका एकसंध व्यवहारात, भरतो. पोस्टग्रेस या आमच्या डेटाबेसमध्ये 'नाऊ' हे फंक्शन ट्रान्झॅक्शन सुरू झाल्याची वेळ देतं, त्यामुळे त्या हजारो नोंदींवर एकच वेळ, अगदी मायक्रोसेकंदापर्यंत. दुरुस्ती केवढी? क्रमात वेळेच्या मागे आयडी जोडायचा. एक शब्द.

मी एजंटला विचारलं, 'वेळ सारखी असली तर?' लगेच उत्तर आलं: बरोबर, मग क्रमाची खात्री नाही, आयडी जोडायला हवा. म्हणजे ठाऊक होतंच की! ठाऊक मलाही होतं. पण कोड इतका नीटनेटका होता की संशयच आला नाही. हाताने लिहिलं असतं तर ही चूक झालीच नसती, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. एवढं नक्की की लिहिणारा माणूस 'ऑर्डर बाय'पाशी क्षणभर तरी थांबतो, क्रम कशावर लावायचा याचा निर्णय घेतो. वाचणाऱ्यासमोर तो निर्णय आधीच झालेला असतो आणि नजर वरून घसरत जाते.

याहून मोठी गोष्ट त्या रात्रीच्या जॉबची. तो दुसऱ्या रिपॉझिटरीत, म्हणजे कोडच्या वेगळ्या साठ्यात, होता, तीन वर्षांपूर्वी एका सहकारी बाईंनी लिहिलेला. तक्रार ऐकल्या ऐकल्या त्या म्हणाल्या, 'अरे, इम्पोर्टवाल्या नोंदी असतील.' कोड न उघडता! पीटर नाउर या डॅनिश संगणकशास्त्रज्ञाने १९८५ मध्ये एका निबंधात मांडलं होतं की खरा प्रोग्राम म्हणजे तो बनवणाऱ्यांच्या डोक्यात तयार झालेली समज. कोड आणि कागदपत्रं हा तिचा अपुरा अवशेष. ती समज असलेली टीम पांगली की प्रोग्राम मेला, मग तो मशीनवर चालत का असेना. पूर्वी हे वाचताना जरा तात्त्विक वाटायचं. आता रोजचा अनुभव आहे, कारण एजंटला अवशेष दिसतो, तोही जेवढा आपण दाखवू तेवढाच.

एआयने वेग खरंच वाढतो का, यावरचे दोन प्रयोग शेजारी ठेवून बघण्यासारखे आहेत. गिटहब कोपायलट या कोड सुचवणाऱ्या एआय टूलच्या सुरुवातीच्या एका प्रयोगात ९५ डेव्हलपरना जावास्क्रिप्टमध्ये एचटीटीपी सर्व्हर लिहायला सांगितलं होतं. कोपायलट असलेल्यांचं काम ५५.८ टक्के लवकर झालं. उलट, २०२५ मध्ये एमईटीआर या संस्थेने १६ अनुभवी ओपन सोर्स डेव्हलपर घेतले, त्यांच्याच रिपॉझिटरीतली २४६ कामं घेतली आणि कुठल्या कामाला एआय वापरायचं, कुठल्याला नाही हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. एआय वापरलेल्या कामांना १९ टक्के जास्त वेळ लागला. आणि काम संपल्यावर त्याच लोकांना विचारलं तर ते म्हणाले, आमचा वेळ सुमारे २० टक्क्यांनी वाचला!

मला यात विसंगती दिसत नाही. पहिलं काम कोऱ्या पाटीवरचं, शेकडो वेळा कुठे ना कुठे लिहून झालेलं. दुसऱ्यात माणसं त्या कोडसोबत सरासरी पाच वर्षं राहिलेली. त्यांच्या डोक्यात जे होतं ते एआयला समजावून सांगण्यात आणि त्याने दिलेलं तपासण्यात वेळ गेला. तो प्रयोग २०२५ च्या सुरुवातीच्या टूल्सवरचा आहे आणि टूल्स भराभर सुधारताहेत, तेव्हा १९ हा आकडा उराशी धरून बसू नका. लक्षात ठेवायचा तो भ्रम. दहा मिनिटांत पुल रिक्वेस्ट बघून मलाही वाटलं होतं की दिवस वाचला. पुढे तक्रार, शोधाशोध, चुकलेल्या फाइली दुरुस्त करून पुन्हा पाठवणं यात किती दिवस गेले ते मी त्या हिशेबात धरलंच नव्हतं.

सुधारणा किती झपाट्याने झाली तेही सांगायला हवं, नाहीतर मी नुसता रडगाणं गातोय असं वाटेल. २०२३ मध्ये एसडब्ल्यूई-बेंच नावाची चाचणी आली: गिटहबवरचे खरेखुरे २,२९४ इश्यू, म्हणजे नोंदवलेल्या अडचणी, मॉडेलने ते सोडवायचे. तेव्हाच्या सर्वांत चांगल्या मॉडेलला दोन टक्केही जमले नव्हते. पुढे त्यातलेच माणसांनी तपासलेले ५०० वेगळे काढले आणि २०२५ मध्ये मॉडेल त्यातले ७० टक्क्यांहून जास्त सोडवू लागली. दोन्ही संच वेगळे, टूल्सची जोडणीही वेगळी, म्हणून थेट तुलना करता येत नाही, पण दिशा कळते. माझ्या कामात बॉयलरप्लेट (दर वेळी तोच तो लिहावा लागणारा कोड), एका फ्रेमवर्कच्या जुन्या आवृत्तीतून नवीत जाणं, एकदा चालवून फेकून द्यायच्या स्क्रिप्ट, अनोळखी भाषेत चार ओळी, हे सगळं आता एजंटच करतो आणि मला त्याचं यत्किंचितही दुःख नाही.

'हा फक्त नवा कंपायलर आहे, १९५७ मध्ये फोरट्रान ही भाषा आली तेव्हाही लोक असेच घाबरले होते' असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. कंपायलर म्हणजे आपला कोड मशीनच्या भाषेत नेणारा प्रोग्राम; त्याने काढलेला मशीन कोड मी तपासत नाही, कारण त्याचे नियम लिहिलेले आहेत आणि त्याच कोडचा अर्थ तो आज एक, उद्या दुसरा लावत नाही. इथे सूचनाच मराठी-इंग्रजीसारख्या मोघम भाषेत आणि तीच सूचना पुन्हा दिली तर कोड वेगळा येऊ शकतो. म्हणून वाचावं लागतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये एआय संशोधक आंद्रेय कार्पाथी यांनी 'व्हाइब कोडिंग' हा शब्द आणला, कोड न वाचताच पुढे जायचं. पण त्यांनीही ते सुट्टीतल्या टाकाऊ प्रोजेक्टपुरतं बरं आहे असंच म्हटलं होतं. एवढा भाग लोक सोयीस्कर विसरतात.

तर बदललं काय? माझा लिहिण्याचा वेळ घटला, वाचण्याचा दुपटीने वाढला आणि वाचन हे लेखनापेक्षा जास्त थकवतं. रिव्ह्यूला येणारे डिफ, म्हणजे कोडमधल्या बदलांच्या याद्या, फुगले. एकदा एका मुलाने हजारभर ओळींची पुल रिक्वेस्ट टाकली. मी मधल्या एका फंक्शनवर बोट ठेवून विचारलं, हे का? तो म्हणाला, 'बघून सांगतो.' त्याच्या नावाची रिक्वेस्ट आणि त्याने ती बघायची बाकी! त्यानंतर टीममध्ये ठरलं की प्रत्येक ओळीचं उत्तर देता येत नसेल तर रिव्ह्यूला टाकायचंच नाही. ओरडा झाला, पण डिफ आपोआप आटोपशीर झाले.

मी वाचायचा क्रमही बदललाय, आता टेस्ट आधी. एकदा एजंटला 'फेल होणारी टेस्ट नीट कर' एवढंच सांगितलं, तर त्याने कोडला हातही न लावता टेस्टमधला अपेक्षित आकडा बदलला. टेस्ट हिरवी! सांगितलेलं काम झालं होतं, तक्रार तरी कुणाकडे करणार? त्यानंतर लायब्ररींची नावं. मॉडेल कधी कधी अस्तित्वात नसलेलं पॅकेज खऱ्यासारख्या नावाने सुचवतं आणि कुणी टपून बसलेला त्याच नावाने खोडसाळ पॅकेज टाकून ठेवू शकतो. इन्स्टॉल करण्याआधी ते पॅकेज कुणाचं, किती जुनं, एवढं तरी बघायचं.

खरी काळजी मला तुमच्या पिढीची वाटते आणि इथे मी गोड बोलणार नाही. आम्ही शिकलो ते किरकोळ टिकेटांवर. एक तारीख चुकीची दिसतेय, एक बटण दोनदा दाबलं जातंय, असल्या कामांत दिवस घालवून सिस्टिम डोक्यात उतरायची. ती कामं आता एजंटकडे जातात. सीनियरला हवी असलेली समज ज्युनियरने कमवायची कुठून, याचं चांगलं उत्तर मी अजून कुठल्याही टीममध्ये पाहिलेलं नाही. आमच्याकडे काही टिकेटं मुद्दाम नव्या लोकांसाठी बाजूला ठेवतो, पण डेडलाइन जवळ आली की ती पण एजंटला दिली जातात. मीच देतो, खोटं कशाला बोलू.

आता तुमचा दुसरा प्रश्न. बंद ठेवू नका, क्रम उलटा करा. आधी स्वतः लिहा, वेडंवाकडं चालेल, मग एआयला दाखवून 'हे कुठे फुटेल?' असं विचारा. 'लिहून दे'पेक्षा हा प्रश्न दसपट शिकवतो. एसक्यूएल, ट्रान्झॅक्शन, एचटीटीपी, गिट आणि लॉग वाचणं यावर हात बसू द्या; फ्रेमवर्क येतील आणि जातील.

सुरुवातीला वरचाच बग घ्या. पोस्टग्रेसमध्ये एक टेबल बनवा, एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये दोन हजार नोंदी भरा, वेळेनुसार क्रम लावून दहा-दहाची पानं काढा. पानं काढता काढता मध्येच काही नोंदी अपडेट करा. चालवण्याआधी कागदावर लिहा की किती आयडी दोनदा येतील असं तुम्हाला वाटतं. मग मोजा. अंदाज चुकला तर का चुकला ते आधी स्वतः शोधा, डॉक्युमेंटेशनमध्ये लिमिट-ऑफसेटचं पान आहे, ते छोटंसंच आहे. तरीही अडलात तर एआयला विचारा, किंवा इथे खाली लिहा, मी बघेन.