माझ्या रहस्य कादंबरीचा नायक भूत आहे. तो आधीच मेलाय, तर सस्पेन्स कसा टिकवू? आणि प्रथमपुरुषी लिहू का?

प्रश्न वाचला आणि ताई आठवली, परत डोकं फिरलं, म्हणून लिहितोय.

2017 ला मी अशीच कादंबरी लिहिली होती. एका माणसाचा खून होतो आणि त्याचंच भूत शहरभर फिरून तपास करतं. ताईला वाचायला दिली कारण ती रहस्यकथांचा फडशा पाडते, तर तिने चाळिसाव्या पानावर पेन्सिलने एवढंच लिहून बाड परत केलं की 'अरे, हा भिंतीतून आत जाऊन सगळ्यांचं बोलणं ऐकत का नाही? संपलं पुस्तक.' दोन दिवस मी तिच्याशी धड बोललो नाही. पण होतं खरं. कुठेही घुसतो, कुणाला दिसत नाही, तो डिटेक्टिव्ह कसला, सीसीटीव्ही आहे.

त्यामुळे खुनी कोण ते नंतर ठरवा, भुताला काय जमत नाही ते आधी ठरवा. जिम बुचरच्या 'घोस्ट स्टोरी'त (2011) हॅरी ड्रेस्डेन हा जादूगार डिटेक्टिव्ह मेल्यावर शिकागोत स्वतःचाच खुनी शोधत फिरतो, पण बोलावल्याशिवाय त्याला कुणाचा उंबरठा ओलांडता येत नाही, ऊन लागलं तर खेळ खलास, जिवंत माणसाशी बोलायचं तर भुतं दिसणारा कुणीतरी मधे लागतो. वर जादू वापरली की आठवणी खर्च होतात. म्हणजे मेल्यावरही गमवायला काहीतरी उरतंच ना!

मी मग असा नियम केला की जिवंत असताना जिथे पाऊल टाकलंय तिथेच भूत जाऊ शकतं. आणि सतराव्या प्रकरणात तो एका अनोळखी फ्लॅटच्या दारातून सहज आत जातो आणि हादरतो, कारण याचा अर्थ तो इथे आधी आलाय आणि त्याला ते आठवत नाहीये. हे सुचलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

ताई म्हणाली, ही चीटिंग आहे. तिने रोनाल्ड नॉक्सचे 1929 चे रहस्यकथेचे दहा नियम काढले, त्यातला दुसराच की अलौकिक शक्ती चालणार नाहीत. (नॉक्स स्वतः पाद्री होता, ही गंमत वेगळीच.) माझं म्हणणं, तो नियम आयत्या वेळी भूत आणून गुंता सोडवणाऱ्यांसाठी आहे. भूत पहिल्या पानापासून समोर असेल आणि त्याची बंधनं वाचकाला आधीच सांगितली असतील तर त्यात फसवणूक कुठे आली? तिला हे आजतागायत पटलेलं नाही.

त्यात 2022 ला बुकर मिळालं शेहान करुणातिलकांच्या 'द सेव्हन मून्स ऑफ माली अल्मेडा'ला. कोलंबोतला मेलेला फोटोग्राफर, हातात सात रात्री, आणि जिथे त्याचं शरीर जाऊन आलंय किंवा जिथे कुणी त्याचं नाव घेतं तिथेच तो जाऊ शकतो. ताईचा लगेच फोन, 'बघ, तुझी आयडिया ढापलेली निघाली.' ढापलेली! माझं बाड 2017 चं, तारीख आहे त्यावर. नाव घेतल्यावर खेचलं जाणं मात्र मला सुचलं नव्हतं, ते भारी आहे, मान्य.

प्रथमपुरुषी लिहा, काही अडत नाही. बुचरने तसंच लिहिलंय, करुणातिलकांनी तर 'तू' म्हणत सगळी गोष्ट सांगितलीय. फक्त भूत सगळं सांगतंय आणि एकच गोष्ट मुद्दाम लपवतंय असं करू नका, वाचक चिडतो. आठवत नसेल तर ते का आठवत नाही हे शेवटी कळायला हवं.

हां, आणि माझी कादंबरी छापली गेलेली नाही, तेव्हा हे सगळं त्या हिशोबाने घ्या. पण ताई, तू हे वाचत असशील तर सांगतो, नियम दुसऱ्याच प्रकरणात दिला होता. पान 19. तू ते पान गाळलं होतंस.