तुमचे प्रश्न : छोट्या गोल्फ कोर्सची मजा कशात असते?

प्रश्न : टीव्हीवर दिसणारे कोर्स सात-साडेसात हजार यार्डांचे असतात. मग छोटा कोर्स फक्त नवशिक्यांसाठी समजायचा का? लांबी कमी असूनही काही कोर्सचं एवढं कौतुक का होतं?
— एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : नवशिक्यांसाठी मुळीच नाही. 2013 ची यूएस ओपन ही मोठी स्पर्धा अमेरिकेतल्या मेरियन क्लबच्या ईस्ट कोर्सवर झाली. लांबी 6,996 यार्ड आणि पार (कुशल खेळाडूकडून अपेक्षित फटके) 70, म्हणजे आजच्या खेळाडूंच्या मानाने आखूडच. तरी चार फेऱ्या संपल्यावर एकही खेळाडू पारच्या खाली नव्हता. जस्टिन रोज जिंकला तो 281 फटक्यांवर, पारपेक्षा एक जास्त. अरुंद फेअरवे (चेंडू पुढे न्यायची कापलेल्या गवताची पट्टी), कडेला दाट गवत आणि उतरती ग्रीन्स (खळग्याभोवतीची अगदी बारीक कापलेली हिरवळ) यांनी सगळ्यांना जेरीस आणलं. तिथे खळग्यातल्या काठीवर झेंडाही नसतो, वेताची टोपली असते. त्यामुळे वारा कुठून वाहतोय हे काठीकडे बघून कळत नाही.

त्याहून बोलकं उदाहरण स्कॉटलंडमधल्या रॉयल ट्रून कोर्सच्या आठव्या होलचं (होल म्हणजे पहिल्या फटक्यापासून खळग्यापर्यंतचा एक टप्पा). अंतर अवघं 123 यार्ड. ग्रीन इतकं चिंचोळं, की त्याला ‘पोस्टेज स्टॅम्प’ म्हणतात. भोवती पाच बंकर, म्हणजे वाळूचे खड्डे. इथे अंतर चुकल्यापेक्षा दिशा चुकल्याची शिक्षा जबर असते, कारण एका बाजूच्या बंकरमधून जरा जोरात काढलेला चेंडू ग्रीन ओलांडून थेट समोरच्या बंकरमध्ये जातो. 1950 च्या ब्रिटिश ओपन स्पर्धेत हेरमान टिसीस या जर्मन हौशी खेळाडूला या होलवर 15 फटके लागले. 1973 मध्ये 71 वर्षांच्या जीन सॅराझनने तोच होल एका फटक्यात संपवला. ताकदीने सुटणारं हे गणितच नाही, आणि आमच्या मते छोट्या कोर्सचं खरं मोठेपण तेच आहे.

चांगला छोटा कोर्स ओळखायचा असेल तर आखूड पार-4 होल बघा. लॉस एंजलिसमधल्या रिव्हिएरा कोर्सचा दहावा होल साधारण 315 यार्डांचा आहे. लांब मारणाऱ्याला ग्रीन एका फटक्यात गाठण्याचा मोह होतोच. पण ग्रीन अरुंद आणि तिरकं आहे. डावीकडे थांबून दुसरा फटका मारला तर ग्रीनची लांबी कामी येते. उजवीकडून यायचं तर चेंडू थांबायला जागाच उरत नाही. आणखी एक खूण : ग्रीनवरून उतरल्यावर पुढची टी (होलचा पहिला फटका मारायची जागा) चार पावलांवर असावी. गाडीत बसून जावं लागलं की खेळाची लय तुटते.

प्रश्न : खानापूर तालुक्यात जांभ्याच्या माळावर दीड एकर जागा आहे. तीन होलचा छोटा कोर्स करायचा विचार आहे. आमच्याकडच्या पावसात ग्रीन टिकेल का? वाळू-खडी किती लागेल?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : तीन ग्रीन करू नका. त्याच पैशात एकच करा, पण नीट करा. तीन गुंठ्यांचं एक ग्रीन आणि त्याच्याभोवती 40 ते 90 यार्डांवर चार टी. होलचा खळगा ग्रीनच्या कडेपासून किमान चार पावलं आत ठेवायचा. अशा तीन जागा ठरवून आलटूनपालटून वापरल्या, की चार टींमधून बारा वेगळे होल मिळतात. एका वेळी एकाच गटाने खेळायचं, हे मात्र पाळावंच लागेल. टीची दिशा ठरवताना उजवी बाजू आधी बघा. चेंडू क्लबच्या (मारायच्या काठीच्या) दांडा आणि पातं जुळतात त्या सांध्याला लागला, की उजव्या हाताने खेळणाऱ्याचा फटका सरळ उजवीकडे सुटतो, म्हणून त्या अंगाला रस्ता, घर किंवा गोठा नको.

आता पाणी. जिथे ग्रीन करायचं तिथे फूटभर खोल खड्डा घ्या, पाण्याने भरा, जिरू द्या आणि पुन्हा भरा. दुसऱ्या वेळी तासाला इंचभरही पाणी उतरलं नाही, तर खाली कठीण थर आहे असं समजा. जांभा वरून सच्छिद्र दिसतो, पण खालचा थर पाणी अडवू शकतो. जुलैतल्या तुमच्याकडच्या पावसात असं ग्रीन आठवडाभर चिखल होऊन बसेल.

अशा जागी पूर्ण पद्धतीचं ग्रीन करावं. तळाला भोकं पाडलेल्या चार इंची पाइपच्या ओळी, दोन ओळींत 15 फुटांपेक्षा जास्त अंतर नको, उतार 100 फुटांना किमान सहा इंच. त्यावर चार इंच खडी आणि तिच्यावर 12 इंच वाळूचा थर. तीन गुंठ्यांना हिशेबाने साधारण 33 ब्रास वाळू आणि 11 ब्रास खडी बसते. वाळू दबते, म्हणून दहा टक्के जास्त धरा. घोटाळा बहुतेक वेळा वाळूतच होतो. निदान 60 टक्के कण पाव ते एक मिलिमीटरचे हवेत. गिलाव्याची वाळू फार बारीक पडते. न धुतलेल्या एम-सँडमधली (दगड भरडून केलेल्या वाळूतली) भुकटी एकदोन पावसाळ्यांतच निचरा बंद पाडते. ट्रक रिकामा करून घेण्याआधी नमुना चाळून बघाच.

वरच्या पृष्ठभागाला दीड-दोन टक्के उतार द्या, म्हणजे दहा फुटांना सुमारे दोन इंच. पाणी दोन-तीन बाजूंनी उतरू द्या. सगळं पाणी चालायच्या वाटेवर सोडलंत तर ती वाट आधी खराब होते.

गवत म्हणजे हरळीच, पण ग्रीनसाठी तिची बुटकी संकरित जात घ्या. बांधावरची हरळी जाड पडते. लावण फेब्रुवारी-मार्चमध्ये पाणी देऊन करा, म्हणजे जूनपर्यंत मुळं धरतात. पाऊस सुरू झाल्यावर लावलेले तुकडे वाहून जातात, आणि हरळीला लागणारं ऊनही तेव्हा मिळत नाही. कापणी 10–12 मिलिमीटरवर सुरू करून हळूहळू पाचवर आणा. एका वेळी पात्याच्या एक तृतीयांशाहून जास्त कापू नका. मशीन रील मॉवरच (कात्रीसारखं गवत कापणारं) हवं, कारण फिरत्या पात्याचं मशीन गवत ओरबाडतं. पावसाळ्यात उंची मिलिमीटर-दीड मिलिमीटर वाढवा आणि युरियाला आवर घाला, नाहीतर बुरशीला आमंत्रणच.

प्रश्न : आमची जमीन काळी. तिच्यात वाळू मिसळून ग्रीन करता येईल का?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : थोडी वाळू मिसळलीत तर सगळं विटेसारखं घट्ट होईल. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि खालचे पाइप हलवते. म्हणून ग्रीन जमिनीत खोदू नका, सगळे थर जमिनीच्या वर उचलून बांधा. माती आणि खडी यांच्यामध्ये जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं) कापड अंथरा, पण पाइपांच्या ओळींवरून नेऊ नका. तिथे ते गाळाने तुंबतं.

प्रश्न : नुकतीच खेळायला लागले आहे. पार-3 कोर्ससाठी 14 क्लबचा सेट घ्यावा का? आणि अशा कोर्सवरचा स्कोअर हँडिकॅपसाठी धरतात का?
— एक वाचक, शहापूर, बेळगाव

उत्तर : 14 ही नियमाने घातलेली कमाल मर्यादा आहे, तितके घ्यायलाच हवेत असं नाही. तुम्हाला पाच पुरतात : 7 आणि 9 नंबरची आयर्न, पिचिंग वेज (ग्रीनजवळच्या उंच फटक्यांसाठी), 56 अंशांची सँड वेज (वाळूतून चेंडू काढायला) आणि पटर (ग्रीनवर चेंडू ढकलायला). वापरलेले घेतले तरी चालतील, फक्त ग्रिप कडक झालेली नसावी आणि वेजच्या खाचा झिजलेल्या नसाव्यात.

हँडिकॅपच्या, म्हणजे खेळाडूची पातळी दाखवणाऱ्या आकड्याच्या, बाबतीत नियम बदलला आहे. 2024 पासून नऊ होलचा कोर्स 750 यार्डांचा आणि 18 होलचा 1,500 यार्डांचा असला, तरी रेटिंगला (कोर्स किती अवघड याच्या मोजमापाला) पात्र ठरतो. मात्र त्या कोर्सचं अधिकृत रेटिंग झालेलं असलं पाहिजे, हे खेळण्याआधी विचारून घ्या. अंतरं लिहून ठेवताना जागाही लिहा. बेळगाव सुमारे अडीच हजार फुटांवर आहे, त्यामुळे इथे चेंडू समुद्रकिनाऱ्यापेक्षा दोन-तीन टक्के लांब जातो. इथला 100 यार्डांचा फटका गोव्यात 97–98 यार्डांवर पडेल, आणि पुढे बंकर असेल तर तेवढा फरकही पुरतो.