सीपॅनेलच्या एपीआयने ईमेल फिल्टर मागवले तर लिस्ट रिकामी येते, असं का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा, की तुम्ही गुहागरला होमस्टे चालवता, डोमेनवर नऊ मेलबॉक्स आहेत, पावसाळ्याआधी होस्टिंग बदलायचंय आणि त्याआधी सीपॅनेलमधले (होस्टिंग सांभाळायचं पॅनेल) सगळे ईमेल फिल्टर, म्हणजे आलेल्या मेलचं काय करायचं ते ठरवणारे नियम, एपीआयने, म्हणजे स्क्रीनऐवजी प्रोग्रामने मागवून, उतरवून ठेवायचेत. यूएपीआय, म्हणजे सीपॅनेलचा एपीआय, त्याचा लिस्ट_फिल्टर्स कॉल मारला तर स्टेटस १ येतो, एरर काहीच नाही, पण डेटा रिकामा, आणि स्क्रीनवर मात्र फिल्टर डोळ्यांनी दिसतायत.

कॉल बरोबरच आहे तुमचा. फक्त कोणाचे फिल्टर हवेत ते तुम्ही सांगितलेलं नाही.

सीपॅनेलमध्ये फिल्टर दोन जागी असतात. एक अख्ख्या अकाउंटचे, ज्यांना ग्लोबल फिल्टर म्हणतात, आणि दुसरे एकेका मेलबॉक्सचे. लिस्ट_फिल्टर्सला अकाउंट नावाचा पॅरामीटर आहे, तो दिला नाहीत तर तो ग्लोबलच दाखवतो. तुमच्याकडे ग्लोबल एकही नसणार, म्हणून रिकामी लिस्ट, आणि रिकामी लिस्ट हे त्याच्या दृष्टीने खरंच बरोबर उत्तर आहे म्हणून एरर येत नाही. अकाउंटमध्ये पूर्ण ईमेल पत्ता द्या, त्या मेलबॉक्सचे फिल्टर लगेच येतील.

मी रत्नागिरीत बसून आंबावाले, होमस्टेवाले, दोन-तीन बोटवाले यांच्या साईट आणि मेल सांभाळतो, आणि ही चूक मी स्वतः केलेली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. फंक्शनची नावं इथे देवनागरीत देतोय, टाईप करताना अर्थातच इंग्रजी स्पेलिंग.

आधी टोकन, म्हणजे पासवर्डऐवजी वापरायची किल्ली. सीपॅनेलच्या सिक्युरिटी विभागात मॅनेज एपीआय टोकन्स आहे, तिथे नवीन टोकन बनवा, ते एकदाच दिसतं, विंडो बंद केली की परत दिसत नाही, लगेच कॉपी करून ठेवा. एक्स्पायरी डेट टाका, तुमचं काम दोन दिवसांचं आहे, टोकन वर्षभर जिवंत ठेवायची काही गरज नाही. आणि हे टोकन म्हणजे नुसतं वाचायची परवानगी नव्हे, त्याने मेलबॉक्स उडवता पण येतो, त्यामुळे ते स्क्रिप्टच्या आत लिहू नका, वेगळ्या फाईलमध्ये ठेवा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर तर कोणालाच पाठवू नका.

मग विनंती जाते पोर्ट २०८३ वर, पाथ /एक्झिक्यूट/ईमेल/लिस्ट_फिल्टर्स, आणि ऑथोरायझेशन हेडरमध्ये आधी सीपॅनेल हा शब्द, मग स्पेस, मग युजरनेम, कोलन आणि टोकन. बेअरर वगैरे लिहू नका, बाकीच्या एपीआयच्या सवयीने हात तिकडे जातो आणि मग अर्धा तास लॉगिन का होत नाही म्हणून डोकं खाजवत बसायचं. शेल अ‍ॅक्सेस (सर्व्हरवर थेट कमांड टाईप करायची सोय) असेल तर हे सगळं नको, सर्व्हरवरच यूएपीआय ही कमांड आहे, तिला ईमेल, लिस्ट_फिल्टर्स आणि अकाउंट एवढं दिलं की झालं. एक फरक लक्षात ठेवा, कमांडने मागवलं तर उत्तर रिझल्ट नावाच्या खोक्यात गुंडाळून येतं आणि वेबवरून मागवलं तर स्टेटस, एरर्स, डेटा थेट वरच्या पातळीवर असतात. एकासाठी लिहिलेली स्क्रिप्ट दुसऱ्याला लावली तर डेटा सापडतच नाही आणि परत तुम्हाला वाटणार की लिस्ट रिकामी आहे.

ईमेल पत्ता यूआरएलमध्ये टाकताना एन्कोड करून टाका. @ बऱ्याचदा तसाच चालून जातो, पण पत्त्यात किंवा फिल्टरच्या नावात प्लस असला तर त्याची स्पेस होते. कर्ल (कमांडने वेब विनंती पाठवायचा प्रोग्राम) वापरत असाल तर गेट विनंतीबरोबर त्याचा डेटा-यूआरएलएन्कोड ऑप्शन घ्या, तो हे सगळं आपोआप करतो, फिल्टरचं नाव मराठीत असलं तरी.

नऊ मेलबॉक्सची नावं हाताने टाईप करू नका. लिस्ट_पॉप्स हा कॉल सगळे मेलबॉक्स देतो, त्याला स्किप_मेन १ दिलं की सीपॅनेलचं मुख्य अकाउंट त्या यादीतून वगळलं जातं. मग प्रत्येक पत्त्यासाठी लिस्ट_फिल्टर्स एकदा, आणि शेवटी अकाउंट न देता एकदा, ग्लोबलसाठी. म्हणजे लिस्ट_फिल्टर्सचे एकूण दहा कॉल. प्रत्येक उत्तर वेगळ्या जेसन फाईलमध्ये (एपीआयचं उत्तर ज्या मजकुराच्या रूपात येतं ते) ठेवा, फाईलला मेलबॉक्सचं नाव द्या. आणि प्रत्येक वेळी स्टेटस तपासा, कारण काही बिनसलं तरी वेब सर्व्हरचा कोड २०० असू शकतो आणि आतला स्टेटस मात्र ०, कारण एरर्समध्ये लिहिलेलं असतं.

हाताने टाईप करू नका हे मी जोर देऊन सांगतोय त्याला कारण आहे. देवगडचे एक बागायतदार काका आहेत, हापूसच्या पेट्या थेट गिऱ्हाइकाला पाठवतात, बरीच ऑर्डर मेलवर येते. मार्चमध्ये त्यांचा फोन, "झिला, माका मेल येणत नाय रे, काय ता बघ जरा". मी बघितलं, मेलबॉक्स चालू, जागा शिल्लक, मी पाठवलेला टेस्ट मेल दोन सेकंदात पोचला. स्पॅममध्ये काही नाही. एपीआयने फिल्टर मागवले, रिकामे. मी काकांना सांगितलं की आपल्याकडे सगळं ठीक आहे, समोरच्याचाच काहीतरी प्रॉब्लेम असणार. हे मी आत्मविश्वासाने सांगितलं आणि ते चूक होतं. मी अकाउंट पॅरामीटर दिलाच नव्हता, अगदी तुमच्यासारखंच. पुढे चार दिवस गेले. पुण्याच्या एका दुकानदाराने शेवटी काकांना फोन करून विचारलं की तीन मेल टाकले, उत्तर का देत नाही, तेव्हा मी परत बसलो आणि यावेळी प्रत्येक मेलबॉक्स वेगळा मागवला.

ऑर्डरच्या मेलबॉक्सवर एक फिल्टर होता, कोणीतरी आधी साईट बघणाऱ्याने जाहिराती थांबवायला केलेला. सब्जेक्टमध्ये सेल हा शब्द असेल तर मेल टाकून द्या. आता होलसेल या शब्दात सेल आहे. इंग्रजी स्पेलिंगमध्ये पण आहे. आंब्याच्या सीझनला होलसेल इन्क्वायरी असं सब्जेक्टमध्ये लिहून येणारा प्रत्येक मेल थेट नाहीसा होत होता, पाठवणाऱ्याला बाउन्स नाही, काकांना सूचना नाही, स्पॅम फोल्डरमध्ये पण नाही. माझ्या टेस्ट मेलचा सब्जेक्ट टेस्ट होता, तो पोचणारच. हापूसचा सीझन किती दिवसांचा असतो ते तुम्हाला वेगळं सांगायला नको, त्यात ते चार दिवस मी फुकट घालवले याचं मला अजून वाईट वाटतं.

म्हणून फिल्टर नुसते उतरवून ठेवू नका, उतरवल्यावर वाचा. जेसनमध्ये प्रत्येक फिल्टरला फिल्टरनेम, एनेबल्ड, रूल्स आणि अ‍ॅक्शन्स असतात. रूलमध्ये पार्ट म्हणजे मेलचा कुठला भाग बघायचा, मॅच म्हणजे कसं जुळवायचं, व्हॅल म्हणजे काय शोधायचं, आणि ऑप्ट म्हणजे पुढच्या रूलशी जोडणी अँड आहे की ऑर. मॅचमध्ये कंटेन्स दिसलं आणि व्हॅल तीन-चार अक्षरांचं असलं की तिथे थांबा, कारण कंटेन्सला शब्दाशी देणंघेणं नसतं, अक्षरं सापडली की झालं, आणि लहान लिपीत लिहिलेलं कंटेन्स कॅपिटल-स्मॉल पण बघत नाही.

अ‍ॅक्शनमध्ये सगळ्यात फसवा प्रकार हाच, काकांवाला. टाकून द्या या अर्थाचं डिलीट असं काही तिथे लिहिलेलं नसतं, अ‍ॅक्शन दिसते सेव्ह, आणि डेस्टमध्ये, म्हणजे मेल कुठे टाकायचा तिथे, /डेव्ह/नल, जिथे टाकलेलं कायमचं नाहीसं होतं. घाईत वाचणाऱ्याला वाटतं की मेल कुठेतरी सेव्ह होतोय. सेव्ह आणि फोल्डरचा पाथ असेल तर ठीक, सेव्ह आणि /डेव्ह/नल असेल तर मेल गेला. फेल म्हणजे पाठवणाऱ्याला परत जातो, निदान त्याला कळतं तरी. डिलिव्हर म्हणजे दुसऱ्या पत्त्यावर पाठवणं, आणि इथे एक गोष्ट मनापासून सांगतो, डिलिव्हरमध्ये तुमच्या ओळखीचा नसलेला पत्ता दिसला तर होस्टिंग बदलायचं काम बाजूला ठेवा आणि आधी पासवर्ड बदला, अनोळखी टोकन रद्द करा. मेलबॉक्समध्ये शिरलेला चोर बरेचदा हेच करतो, इनव्हॉइस किंवा पेमेंट शब्द असलेले मेल स्वतःकडे वळवतो आणि मग तुमच्या गिऱ्हाइकाला बँक खातं बदललंय असा मेल टाकतो. होमस्टेला लोक अ‍ॅडव्हान्स ट्रान्सफर करतात, त्यामुळे हा धोका तुम्हाला आहेच. फिल्टरबरोबर लिस्ट_फॉरवर्डर्स पण मागवून बघा, वळवलेला मेल तिथून पण जाऊ शकतो.

गेट_फिल्टर नावाचा आणखी एक कॉल आहे, तो एकाच फिल्टरचं पान उघडतो. तुम्हाला त्याची गरज नाही, लिस्टमध्ये रूल आणि अ‍ॅक्शन येतातच. तरी वापरलात तर परत आलेलं नाव आपण मागितलेलंच आहे ना ते तपासा, स्पेलिंग चुकलं की भलतंच कोरं फिल्टर समोर येऊ शकतं.

शेल असेल तर फाईल पण बघता येतात, होम डिरेक्टरीत ईटीसी, त्यात डोमेन, त्यात मेलबॉक्सचं नाव, तिथे फिल्टर आणि फिल्टर.यामल अशा दोन फाईल असतात. यामल सीपॅनेलसाठी, दुसरी एक्झिम या मेल सर्व्हरसाठी. बघा जरूर, पण हाताने बदलू नका, दोन्हीत फरक पडला की स्क्रीनवर एक आणि प्रत्यक्षात वेगळंच.

आता होस्टिंग बदलायचं. नवीन होस्टकडे पण सीपॅनेल असेल आणि ते फुल बॅकअप रिस्टोअर करणार असतील तर फिल्टर सोबत येतात, तुमची जेसन फक्त नंतर जुळवून बघायला. फुल बॅकअपने जाणार नसाल पण तिकडे सीपॅनेल आहे, तर स्टोअर_फिल्टर कॉलने परत बनवावे लागतील, आणि तिथे रूल लिस्टसारखे अ‍ॅरेमध्ये देऊन चालत नाही, पार्ट१, मॅच१, व्हॅल१, अ‍ॅक्शन१, डेस्ट१ असे नंबर लावून द्यावे लागतात. ज्या फोल्डरमध्ये सेव्ह करायचंय तो नव्या सर्व्हरवर आधी आहे ना ते बघा. सीपॅनेलच नसेल तर मात्र जेसन समोर ठेवून एकेक फिल्टर हाताने, आणि खरं सांगू का, नऊ मेलबॉक्सला तेच बरं, त्या निमित्ताने निम्मे जुने फिल्टर गळतात.

आणखी दोन गोष्टी, कारण नंतर हेच प्रश्न येतात. थंडरबर्ड किंवा आउटलुकमध्ये तुमच्या कॉम्प्युटरवर केलेले रूल या एपीआयला दिसत नाहीत, ते त्या कॉम्प्युटरवरच असतात, रिसेप्शनच्या पीसीवर जाऊन बघा. आणि डोमेनचा एमएक्स, म्हणजे मेल कुठल्या सर्व्हरवर न्यायचा ते सांगणारी नोंद, जर दुसऱ्याच मेल सेवेकडे असेल तर सीपॅनेलमधले फिल्टर यादीत छान दिसतील पण बाहेरून येणारा मेल त्यांच्यापाशी पोचतच नाही, मग ते हलवण्यात वेळ घालवू नका.

नवीन जागी सगळं लागलं आणि तिकडे सीपॅनेल असेल, तर ग्लोबल फिल्टरसाठी ट्रेस_फिल्टर वापरा. त्याला एक नमुन्याचा मेल द्यायचा, तो सांगतो कुठला फिल्टर लागला आणि मेलचं काय होणार, खरा मेल न पाठवता. एकेका मेलबॉक्सचे फिल्टर मात्र तो तपासत नाही, त्यांच्यासाठी खरा मेल पाठवूनच बघा. नमुना तुमच्या गिऱ्हाइकाच्या भाषेतला घ्या, रूम बुकिंग, मे महिना, चार माणसं, अ‍ॅडव्हान्स किती. टेस्ट असा सब्जेक्ट देऊ नका.

आज एकाच मेलबॉक्सचा पत्ता देऊन कॉल मारून बघा. तरीही रिकामं आलं तर स्टेटस, एरर्स आणि तुम्ही वापरलेला पाथ इथे टाका, टोकन आणि डोमेन झाकून, मी रात्री बघतो.